रंगावरून निवड: महेश्वरी काठ, तारांमागचे आकाश आणि जुन्या पत्राची शाई

इंदूरमध्ये साड्यांच्या दुकानांसाठी चित्रे तयार करणाऱ्यांकडे एक काम हमखास येते. महेश्वरी साडीचा फोटो एकच असतो, पण काठ मात्र लाल, हिरवा, जांभळा आणि मोरपंखी अशा चार रंगांत दाखवायचा असतो, कारण चारही साड्या नेसवून फोटो काढायला दुकानदाराला सवड नसते. असेच एक काम माझ्याकडे आले, तेव्हा साडी माझ्या मामेबहिणीनेच नेसली होती. रंगावरून भाग निवडणारे टूल घेऊन मी लाल काठावर एक क्लिक केले, काठ पूर्ण निवडला गेलेला पाहून समाधान पावले, रंग हिरव्याकडे फिरवला आणि फाइल छपाईच्या नमुन्यासाठी पाठवून दिली. छापून आलेला कागद आईने हातात घेतला आणि काठाकडे ढुंकूनही न पाहता विचारले, “हिचं कुंकू हिरवं कसं गं?” कुंकूच नव्हे, तर हातातल्या लाल बांगड्यांपैकी तीनही हिरव्या झाल्या होत्या.

टूलने काहीच चूक केली नव्हती. त्याला ‘या रंगासारखे जे जे आहे ते निवड’ असे सांगितले होते आणि त्याने ते अक्षरशः पाळले होते. हे टूल वापरणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात: आपण मनात ‘काठ’ म्हणतो, टूलला मात्र वस्तू दिसत नाहीत, केवळ आकडे दिसतात. ते आकडे आधी पाहून घेतले, तर क्लिक कुठे करायचे आणि कोणत्या निकषावर करायचे हे ठरवता येते. बहुतेक जण हे न पाहता थ्रेशोल्डचा, म्हणजे रंगातला किती फरक चालेल याचा, आकडा खालीवर करत बसतात आणि त्यात तासन्‌तास जातात. पुढच्या पायऱ्या गिम्प या फोटो सुधारण्याच्या मोफत प्रोग्रॅममधल्या आहेत.

टूल नेमके काय मोजते

सर्वसाधारण फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे चित्र ज्या बारीक ठिपक्यांचे बनते त्यांतल्या प्रत्येकाला, लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. आपण ज्या पिक्सेलवर क्लिक करतो, त्याचे तीन आकडे टूल लक्षात ठेवते आणि चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलशी त्यांची तुलना करते. ‘सिलेक्ट बाय’ या पर्यायात ‘कॉम्पोझिट’ असेल, आणि मुळात तेच असते, तर तीन फरकांपैकी सर्वांत मोठा फरक विचारात घेतला जातो. तो थ्रेशोल्डच्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी असेल, तर पिक्सेल निवडला जातो, नाहीतर वगळला जातो. थ्रेशोल्ड सुरुवातीला १५ असतो.

काठाचेच उदाहरण घेऊ. उजेडातल्या काठावरच्या एका पिक्सेलचे आकडे १५०, ३०, ४० आहेत आणि निरीच्या चुणीत सावलीत गेलेल्या त्याच काठाचे आकडे ९५, १८, २६ आहेत असे समजा. फरक ५५, १२ आणि १४ असे येतात. सर्वांत मोठा फरक ५५ असल्यामुळे १५ च्या थ्रेशोल्डला सावलीतला काठ सापडणार नाही. मग आपण काय करतो? थ्रेशोल्ड ६० वर नेतो. सावलीतला काठ येतो खरा, पण त्याच्याबरोबर मागच्या लाकडी दाराची तपकिरी पट्टीही येते आणि केसांचा थोडा भागही येतो, कारण तिन्ही आकड्यांत साठपर्यंतची सूट दिल्यावर त्यात बरेच काही मावते.

आता निकष बदलून ‘एचएसव्ही ह्यू’, म्हणजे केवळ रंगछटा, असा ठेवा. रंगछटा वर्तुळावरच्या अंशांत मोजतात. वर दिलेल्या दोन पिक्सेलांची छटा काढली तर पहिल्याची ३५५ अंश आणि दुसऱ्याची सुमारे ३५४ अंश येते. उजेड आणि सावली यांतला ५५ चा फरक एका अंशावर आला. एकाच रंगाचे कापड चुण्यांमुळे उजळ-गडद झाले असेल, तर छटेचा निकष घ्यावा, हे इतके उपयोगी असूनही हा पर्याय उघडून पाहणारे फार थोडे भेटतात. मात्र इथे थ्रेशोल्ड कमी करायला विसरू नये. १५ हा आकडा छटेच्या वर्तुळावर सुमारे २१ अंशांइतका होतो आणि लालापासून तेवढे अंतर गेले की माणसाच्या त्वचेचा रंग सुरू होतो. ५ किंवा ६ वर काम भागते.

छटेच्या निकषाची एक मर्यादा आहे. पांढरा, काळा आणि करडा यांना सांगण्यासारखी छटाच नसते. त्यामुळे पांढऱ्या भिंतीवर किंवा अगदी काळ्या सावलीवर हा निकष लावला की निवड तीळ विखुरल्यासारखी होते. तिथे ‘एचएसव्ही व्हॅल्यू’ किंवा ‘एलसीएच लाइटनेस’ हे उजेडाचे निकष घ्यावेत.

आकडे पाहण्यासाठी ‘विंडोज’ मेनूतल्या ‘डॉकेबल डायलॉग्ज’मधून ‘पॉइंटर’ उघडून ठेवावा. माउस चित्रावर फिरवला की त्याखालच्या पिक्सेलचे आकडे तिथे बदलत राहतात. काठाच्या उजेडात, सावलीत आणि काठाला लागून असलेल्या पदराच्या रंगावर माउस नेऊन पाहिला, की अर्ध्या मिनिटात कोणत्या आकड्यात अंतर जास्त आहे ते कळते, आणि तोच निकष निवडायचा असतो.

तारांमागचे आकाश

गिम्पमध्ये या जातीची दोन टूल आहेत. ‘फझी सिलेक्ट’ (यू की) क्लिकच्या जागेपासून सुरुवात करून शेजारच्या पिक्सेलकडे सरकत जाते आणि वेगळा रंग लागला की थांबते. ‘सिलेक्ट बाय कलर’ (शिफ्ट आणि ओ) जागेचा विचारच करत नाही, त्या रंगाचे पिक्सेल चित्रात जिथे असतील तिथून उचलते.

इंदूरच्या राजवाड्याचा फोटो समोरच्या चौकातून न घेता बाजूच्या एखाद्या गल्लीच्या तोंडातून घेऊन पाहा. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, हा प्रकार सगळ्यांना माहीत असतो, पण फोटोत त्यांच्यापुढून विजेच्या आणि केबलच्या तारा गेलेल्या असतात आणि आकाशाचे वीस-पंचवीस तुकडे झालेले असतात. फझी सिलेक्टने या प्रत्येक तुकड्यात वेगळे क्लिक करावे लागेल. सिलेक्ट बाय कलरने सगळे तुकडे एकदम येतात. उलट, खाली एखाद्या दुकानाच्या निळसर पाटीचा रंग आकाशाशी जुळत असेल तर तीही येते, आणि ती फझी सिलेक्टने आली नसती. निवडायचा भाग तुकड्यांत विखुरलेला असेल तर सिलेक्ट बाय कलर, सलग असेल आणि तोच रंग इतरत्रही असेल तर फझी सिलेक्ट, एवढे ध्यानात ठेवले की पुरते.

आकाश निवडताना दुसरा प्रश्न येतो तो उतरत्या रंगाचा. वरच्या कोपऱ्यात १२८, १७२, २२० असलेले आकाश छपराजवळ २०५, २२२, २३८ इतके फिके होते, म्हणजे लाल आकड्यात ७७ चा फरक पडतो. एकाच क्लिकमध्ये सगळे यावे म्हणून थ्रेशोल्ड ८० करू नये. तो २० ठेवून वरच्या भागात पहिले क्लिक करावे आणि मग शिफ्ट दाबून मधल्या पट्ट्यात, पुन्हा शिफ्ट दाबून छपराजवळ क्लिक करावे. शिफ्टने निवडीत भर पडते, कंट्रोलने वजाबाकी होते आणि शिफ्ट व कंट्रोल एकत्र दाबले की जुन्या आणि नव्या निवडीचा समाईक भाग तेवढा उरतो. या कळा क्लिक करण्यापूर्वी दाबायच्या असतात. आधी क्लिक आणि मग शिफ्ट असे केले, तर पहिली निवड गेलेली असते आणि कंट्रोल-झेडने मागे यावे लागते.

थ्रेशोल्ड किती हवा याचा अंदाज येत नसेल, तर माउसचे बटण दाबून धरावे आणि तसाच माउस उजवीकडे किंवा खाली ओढावा. निवड वाढत जाते. डावीकडे किंवा वर ओढला की ती कमी होते. टूलच्या पर्यायांत ‘ड्रॉ मास्क’ला खूण केली असेल, तर ओढताना निवडला जाणारा भाग गडद गुलाबी रंगात भरलेला दिसतो. नुसत्या हलत्या तुटक रेषेपेक्षा हे कितीतरी स्पष्ट असते.

काठ, कुंकू आणि बांगड्या

आता हिरव्या कुंकवाचा इलाज. लाल काठ, कुंकू आणि लाल बांगड्या यांची छटा जवळजवळ एकच असल्यामुळे त्यांना निव्वळ रंगावरून वेगळे करता येत नाही. थ्रेशोल्डचा कोणताही आकडा इथे उपयोगाचा नाही. जागेचे बंधन घालावेच लागते. ‘फ्री सिलेक्ट’ टूलने (एफ की) काठाभोवती ढोबळ कुंपण आखावे. ते काठाला चिकटून आखण्याची गरज नाही, कुंकू आणि हात बाहेर राहिले म्हणजे झाले. मग सिलेक्ट बाय कलर घेऊन शिफ्ट आणि कंट्रोल एकत्र दाबावे आणि काठावर क्लिक करावे. कुंपणाच्या आतला आणि त्या रंगाचा, असा दोन्ही अटी पाळणारा भाग तेवढा निवडला जातो. जिथे बांगड्यांचा हात काठावरच टेकलेला असतो, तिथे कुंपण जरा सावकाश आखावे लागते. मी दुसऱ्या खेपेला हे केले आणि कामाला पहिल्या खेपेपेक्षा फार तर पाच मिनिटे जास्त लागली.

महेश्वरी कापडाची स्वतःची एक गंमत आहे आणि ती इथे आडवी येते. या साडीत अनेकदा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, आणि दोन्हींचे धागे वेगळ्या रंगांचे असले की कापडाला धूपछांव येते. डोळ्यांना तिसराच रंग दिसतो, पण जवळून काढलेल्या फोटोत पिक्सेल मात्र आळीपाळीने या किंवा त्या धाग्याच्या रंगाचे असतात. अशा पदरावर क्लिक केले की निवड चाळणीसारखी भोके पडलेली येते. थ्रेशोल्ड वाढवून ही भोके बुजवण्यापेक्षा लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, एक प्रत करावी (शिफ्ट, कंट्रोल आणि डी), त्या प्रतीवर ‘फिल्टर्स’ मेनूतला ‘गॉशियन ब्लर’ दोन-तीन पिक्सेलचा लावावा आणि निवड त्या धूसर प्रतीवर करावी. धागे एकमेकांत मिसळल्यामुळे डोळ्यांना दिसतो तो तिसरा रंग आता आकड्यांतही उतरलेला असतो. निवड झाली की प्रत पुसून टाकावी आणि मूळ लेयरवर यावे. निवड चित्राची असते, लेयरची नसते, त्यामुळे ती तशीच राहते. एवढ्यानेही बारीक भोके राहिली, तर ‘सिलेक्ट’ मेनूत ‘रिमूव्ह होल्स’ आहे. जरीच्या बुट्ट्या मात्र या आज्ञेने निवडीत ओढल्या जातात आणि रंग फिरवल्यावर सोन्याची जर हिरवी दिसू लागते, तेव्हा जरीच्या भागात ही आज्ञा वापरू नये.

रंग फिरवण्यासाठी निवडीत नवा रंग ओतू नये, कारण त्याने चुण्या, सावल्या आणि वीण सगळे सपाट होते. ‘कलर्स’ मेनूतल्या ‘ह्यू-सॅच्युरेशन’मध्ये ह्यूची पट्टी सरकवावी. ३५५ अंशांचा लाल १२५ अंश पुढे नेला की हिरवा येतो आणि सावल्या जागच्या जागी राहतात. दुकानदाराला चार रंग हवे असतील, तर मूळ लेयरच्या चार प्रती कराव्यात, प्रत्येक प्रतीला त्याच निवडीचा लेयर मास्क, म्हणजे निवडलेला भागच दिसू देणारा पडदा, लावावा आणि रंग वेगवेगळे फिरवावेत.

एक सूचना सहज आठवली म्हणून इथेच. निवड डोळ्यांनी तपासायला शिफ्ट-क्यूने ‘क्विक मास्क’ लावतात आणि न निवडलेल्या भागावर तांबडी काच ठेवल्यासारखी दिसते. लाल साडीवर ही तांबडी काच काही कामाची नाही. खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या क्विक मास्कच्या बटणावर उजवे क्लिक करून तिचा रंग निळा किंवा हिरवा करून घ्यावा.

कडा

क्विक मास्क आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. पिक्सेल नेहमी पूर्ण निवडलेला किंवा पूर्ण वगळलेला असतो असे नाही. तो अर्धवटही निवडला जाऊ शकतो. ‘अँटीएलियासिंग’ चालू असेल, तर थ्रेशोल्डच्या किंचित पलीकडचे पिक्सेल अंशतः घेतले जातात आणि त्यामुळे कड नरम येते. हलती तुटक रेषा मात्र निम्म्याहून अधिक निवडलेल्या पिक्सेलांभोवतीच फिरते, म्हणून रेषेबाहेर दिसणारा एखादा भागही पाव हिश्श्याने निवडलेला असतो. ते मास्कमध्येच कळते.

आकाश बदलल्यावर तारांच्या दोन्ही बाजूंना पांढुरकी किनार दिसते, कारण तारेच्या कडेच्या पिक्सेलांत तार आणि आकाश यांची सरमिसळ असते. ‘सिलेक्ट’ मेनूतल्या ‘ग्रो’ने निवड एका पिक्सेलने वाढवली की ती बहुतेक जाते. निवडीची कड नरम करणारा ‘फेदर’ इथे वापरू नये. त्याने तारा धुरकट होतात.

फोटो मेसेजमधून फिरत आलेला जेपेग असेल, तर कडा कितीही सुधारल्या तरी खडबडीत राहतात. जेपेगमध्ये चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलांचे चौकोन करून ते दाबले जातात आणि रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, त्यामुळे लाल काठाचा रंग शेजारच्या पांढऱ्या अंगात दोन-तीन पिक्सेल उतरलेला असतो. रंगावरून निवड करायची असेल, तर कॅमेऱ्यातली मूळ फाइलच मागून घ्यावी.

आणि काही फोटोंवर हा उद्योग करूच नये. रंगपंचमीच्या गेरमधला, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीतला, हवेत उडालेला गुलाल याचे ठळक उदाहरण आहे. ढगाच्या प्रत्येक पिक्सेलमधून मागची माणसे, गच्च्या आणि आकाश थोडेथोडे दिसत असते, म्हणून ‘गुलालाचा रंग’ असा एक रंग तिथे नसतोच. तिथे हाताने मास्क रंगवणेच बरे.

फोटोशॉपमध्ये हेच काम ‘सिलेक्ट’ मेनूतल्या ‘कलर रेंज’ने होते. तिथे थ्रेशोल्डऐवजी ‘फझीनेस’ असते, ते २०० पर्यंत जाते आणि अधिक-उणे चिन्हांच्या ड्रॉपरने रंग वाढवता-घटवता येतात. आधी कुंपण आखून मग कलर रेंज उघडली, तर निवड त्या कुंपणातच होते. मॅजिक वाँडमधली ‘कंटिग्युअस’ची खूण काढली की तेही चित्रभर निवड करू लागते.

पत्रातली शाई

रंगावरून निवडीचा मला सर्वांत आवडणारा उपयोग साडीचाही नाही आणि आकाशाचाही नाही, तो जुन्या कागदांचा आहे. इंदूरच्या मराठी घरांमध्ये ट्रंकांच्या तळाशी अशी पत्रे अजून निघतात: पिवळा पडलेला कागद, निळी शाई आणि मधोमध चहाचा किंवा ओलीचा तपकिरी डाग. डागाखालची अक्षरे वाचता यावीत, म्हणून शाई तेवढी वेगळी काढायची असते. शेकडो सुटी अक्षरे असल्याने फझी सिलेक्टचा प्रश्नच येत नाही.

माझ्या आजोबांच्या एका पत्राच्या स्कॅनमध्ये कागदाचे आकडे साधारण २२६, २०८, १६५ होते, डागाचे १७८, १४०, ८८ आणि शाईचे ५८, ६६, ११२. या तीन ओळी एकाखाली एक लिहून पाहाव्यात. निळ्या आकड्यात शाई ११२ आणि डाग ८८, म्हणजे अंतर जेमतेम २४. शाई निळी म्हणून निळा निकष घेणाऱ्याची इथेच फसगत होते, कारण निळी शाई निळ्या आकड्यात उजळच असते. लाल आकड्यात मात्र शाई ५८ आणि डाग १७८, अंतर १२०. म्हणून ‘सिलेक्ट बाय’मध्ये ‘रेड’ घेतला, एका जाड वेलांटीच्या पोटात क्लिक केले आणि थ्रेशोल्ड ७० पर्यंत ओढला. ५८ मध्ये ७० मिळवले की १२८ होतात, त्यामुळे कागदात मिसळून फिकट झालेले बारीक फराटेही आले आणि १७८ चा डाग बाहेरच राहिला.

क्लिक जाड रेघेच्या मध्यावर करणे इथे आवश्यक असते. चित्र ४०० टक्के मोठे करून पाहिले, तर बारीक रेघेत शुद्ध शाईचा पिक्सेल क्वचितच सापडतो, सगळे कागदाशी मिसळलेले असतात, आणि तिथला १२० च्या आसपासचा आकडा पकडून निघाले की तोच ७० चा थ्रेशोल्ड थेट डागात शिरतो. स्कॅनही ६०० डीपीआयने, टिफ किंवा पीएनजीमध्ये करावा.

निवड झाल्यावर कंट्रोल-सी करावे, मग ‘एडिट’ मेनूतल्या ‘पेस्ट अॅज’मधून ‘न्यू लेयर’ घ्यावा आणि त्याखाली पांढरा लेयर ठेवावा. निवड पुन्हा लागणारच असते, म्हणून ‘सिलेक्ट’ मेनूतल्या ‘सेव्ह टू चॅनेल’ने ती साठवून फाइल गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात ठेवावी, जेपेगमध्ये चॅनेल टिकत नाही. त्या पत्रावर पोस्टाचा काळा शिक्काही होता. त्याचा लाल आकडा शाईइतकाच कमी असल्याने तो शाईबरोबर आला, आणि ‘एलसीएच क्रोमा’, म्हणजे रंग किती भडक आहे, हा निकष घेऊन, कंट्रोल दाबून शिक्क्यावर क्लिक केल्यावर निघूनही गेला, पण त्याच्याबरोबर शाईचे दोन फराटेही गेले. ते दोन फराटे ‘चि.’ मधल्या वेलांटीचे होते आणि ते मी ब्रशने परत आणले.